नॉकआउटची रात्र आणि व्हीएआर: आमच्या हॉलात मॅच बघायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर मोठ्या मॅचेस आम्ही सगळे एकत्र बघतो. मंडळाचा हॉल, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, पुढे सतरंजीवर पोरं, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मोठी माणसं आणि दाराशी एक फळा, त्याच्यावर खडूने स्कोअर लिहायचा. लीगची मॅच असली तर पंधरा-वीस जण, नॉकआउट, म्हणजे हरलो की स्पर्धेबाहेर, असली की पाय ठेवायला जागा नसते. आणि व्हीएआर, म्हणजे रेफरीचा निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय, आल्यापासून प्रत्येक नॉकआउटला तेच तेच प्रश्न, तेही नेमके रेफरी कानाला बोट लावून उभा असतो तेव्हा, त्यामुळे उत्तर अर्धं राहतं आणि मॅच पुढे जाते. म्हणून सगळं एकदा इथे लिहून काढलंय. मी काही रेफरी नाही, पण हे सगळं मनापासून वाचलंय, बघितलंय, आणि रात्र रात्र त्यावर वाद घातलाय.

व्हीएआर म्हणजे माणूस की मशीन?

माणूस. हे एकदा पक्कं करून ठेवा, कारण अर्धे वाद इथूनच सुरू होतात. आमच्याकडचे एक काका दर वेळी विचारतात, "मशीन काय म्हणालं?" तर काका, मशीन काही म्हणत नाही. व्हिडिओ असिस्टंट रेफरी हा शिकलेला रेफरीच असतो, फक्त त्या दिवशी तो मैदानावर नसून स्क्रीनसमोर बसलेला असतो. सोबत एक-दोन असिस्टंट आणि रिप्ले काढून देणारा ऑपरेटर. २०१८ च्या रशिया वर्ल्डकपला ही खोली मॉस्कोत होती, म्हणजे मॅच सोचीला चालली असली तरी बघणारे मॉस्कोत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची खोली लंडनला, स्टॉकली पार्कात. तिथून तो हेडसेटवर मैदानातल्या रेफरीशी बोलतो. पण शिट्टी आणि शेवटचा शब्द मैदानातल्या रेफरीचाच.

नियमांच्या पुस्तकात हे मार्च २०१८ मध्ये आलं आणि त्याच वर्षी वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदा वापरलं. फायनलमध्येच पेरिसिचच्या हाताला बॉल लागला, रेफरी पिताना मॉनिटरवर गेले, परत वळले, पुन्हा जाऊन बघितलं आणि मग फ्रान्सला पेनल्टी दिली. आमच्या हॉलात तेव्हा एकाही माणसाला ते काय करतायत हे नीट कळलं नव्हतं.

मग साधा फाउल, थ्रो-इन, कॉर्नर हे का बघत नाहीत?

कारण मग मॅच संपणारच नाही. सुरुवातीपासून ठरवलेल्या गोष्टी चारच: गोल आहे की नाही, पेनल्टी आहे की नाही, थेट लाल कार्ड, आणि कार्ड भलत्याच खेळाडूला दाखवलं गेलं का. इथे ज्या मॅचेसबद्दल मी लिहितोय त्या खेळल्या गेल्या तेव्हा दुसरं पिवळं कार्डसुद्धा यात नव्हतं. आणि या चारांतही चूक ढळढळीत पाहिजे. "मला वाटतं तो फाउल होता" एवढ्यावर व्हीएआर बोलत नाही, मैदानातल्या रेफरीला जे दिसलं ते उघड उघड चुकीचं असेल तरच बोलतो. भांडण होतं ते इथेच, कारण ढळढळीत म्हणजे किती हे मोजायची पट्टी कोणाकडे नाही.

रेफरी कधी टीव्हीकडे पळतो, कधी नुसता कानाला हात लावून निर्णय देतो, असं का?

जिथे नुसती मोजणी आहे, म्हणजे ऑफसाइड होता का (पास सुटताना तो घेणारा बॉलच्या आणि समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढे होता का), फाउल गोलसमोरच्या बॉक्सच्या आत की बाहेर, तिथे त्याला स्वतः बघायची गरज नसते, खोलीतून सांगितलं की झालं. जिथे मत द्यायचंय, हात मुद्दाम लावला का, टॅकल किती जोराचा होता, तिथे तो सहसा मैदानाच्या कडेला जाऊन मॉनिटरवर स्वतः बघतो. हाताने हवेत चौकोन काढला म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय झालाय किंवा होतोय. २०२३ च्या महिला वर्ल्डकपला तर रेफरी माइकवरून सगळ्या स्टेडियमला निर्णय सांगायला लागल्या, आणि मला ते फार आवडलं, कारण माणसाला निर्णयाचा त्रास कमी होतो, कोणी काही न सांगता ताटकळत ठेवलं की त्याचा जास्त होतो.

लायन्समन एवढ्या उशिरा झेंडा का वर करतो? आम्ही फुकट ओरडतो.

त्याला तसंच सांगितलेलं असतं. लगेच झेंडा वर केला, रेफरीने शिट्टी मारली आणि नंतर कळलं की ऑफसाइड नव्हताच, तर तो गोल परत कुठून आणणार? थांबलेला खेळ व्हिडिओ बघून पुढे नेता येत नाही. म्हणून बारीक ऑफसाइड असला तर तो हल्ला पूर्ण होऊ देतो आणि मग झेंडा.

मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅमच्या त्या रात्री नेमकं झालं काय? दर वेळी त्याचीच गोष्ट निघते.

निघणारच. १७ एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, दुसरी लेग, म्हणजे दोन मॅचेसमधली दुसरी, मँचेस्टरला. आपल्याकडे १८ तारीख लागून अर्धा तास झाला होता. पहिली लेग टॉटनहॅम १-० ने जिंकलेली. आणि मॅच सुरू झाली ती अशी की चौथ्या मिनिटाला सिटीचा स्टर्लिंग, सातव्याला टॉटनहॅमचा सोन, दहाव्याला परत सोन, अकराव्याला सिटीचा बर्नार्दो सिल्व्हा, एकविसाव्याला परत स्टर्लिंग, म्हणजे एकवीस मिनिटांत पाच गोल. फळ्यावर लिहिणारा आमचा पोरगा पुसून पुसून पांढरा झाला होता. मग ५९ व्या मिनिटाला अग्वेरोने ४-२ केलं, तेव्हा सिटी पुढे होती.

७३ व्या मिनिटाला कॉर्नरवरून बॉल टॉटनहॅमच्या लोरेंतेच्या कमरेला लागून आत गेला. आधी हाताला लागला का यावर व्हीएआर, रेफरी चाकीर मॉनिटरवर जाऊन बघून आले आणि गोल दिला. तेव्हाच्या नियमात हात मुद्दाम लावला पाहिजे असं होतं, त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०१९ पासून, नियम बदलला की ज्याने गोल केला त्याच्या हाताला चुकून लागला तरी गोल नाही. म्हणून आज तो गोल बघितलेली पोरं म्हणतात की हा दिलाच कसा. तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे दिला.

आणि मग इंज्युरी टाइम, ९० मिनिटांनंतरची वाढीव मिनिटं. ९३ वं मिनिट, टॉटनहॅमच्या एरिक्सनच्या पायातून बॉल मागे आला, अग्वेरोकडे गेला, त्याने स्टर्लिंगला दिला, स्टर्लिंगने मारला, गोल! ५-३, एकूण ५-४, सिटी सेमीफायनलला. हॉलात सिटीवाली सात-आठ पोरं होती ती अनवाणी रस्त्यावर धावली, एकाने घरून चवथीची उरलेली फटाक्यांची माळ आणून ठेवली होती ती पेटवली, पलीकडच्या घरातली लाईट लागली, कुत्रे भुंकायला लागले. फळ्यावरच्या पोराने ४ पुसून भला मोठा ५ काढला. भिंतीवर सिटीचा कोच ग्वार्दिओला कडेने उड्या मारत पळतोय. आणि आत बसलेल्यांना त्या पडद्यावर हळूच दिसलं की गोल तपासतायत. मग गोल नाही.

टॉटनहॅमचा आमच्याकडे एकच माणूस, म्हापशाला दुकानात कामाला जाणारा दादा, तो खुर्चीत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता, त्याने हात काढले आणि तो रडत होता. बाहेर माळ अजून फुटत होती. ती फुटायची थांबली तेव्हा पोरं हसत आत आली आणि दारातच उभी राहिली. कोणी काही बोललं नाही. फळ्यावरच्या पोराने तळहाताने तो ५ पुसला आणि त्यावर ४ लिहिला. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत आला तेव्हा मी हॉल उघडायला गेलो होतो, तर ४ च्या मागे ५ तसाच दिसत होता.

पण बॉल तर एरिक्सनने मागे मारला होता, मग ऑफसाइड कसा?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्या रात्री अर्ध्या हॉलाने हाच विचारला. समोरच्या टीमच्या खेळाडूने स्वतः जाणूनबुजून मागे पास दिला तर ऑफसाइड नाही. पण तो बॉल वाटेत बर्नार्दो सिल्व्हाच्या पायाला लागून अग्वेरोकडे गेला. म्हणजे शेवटचा स्पर्श सिटीवाल्याचाच, आणि त्या क्षणी अग्वेरो पुढे होता. साध्या डोळ्यांनी एवढ्या गडबडीत ते कोणाला दिसलं असतं? व्हीएआर नसता तर सिटी पुढे गेली असती आणि टॉटनहॅमच्या त्या दादाला जन्मभर वाटत राहिलं असतं की आपल्याला लुबाडलं. त्याची टीम पुढे अॅम्स्टरडॅमला जाऊन लुकास मोराच्या तीन गोलांवर फायनलला गेली, त्यातला तिसरा तर ९६ व्या मिनिटाला.

४-३ जिंकून सिटी बाहेर कशी गेली?

दोन लेग मिळून ४-४. तेव्हा अवे गोलचा नियम होता, बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे. टॉटनहॅमचे तीन, सिटीचा शून्य. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, हा नियम २०२१ मध्ये काढून टाकला, आता थेट एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टींचा टायब्रेकर.

पॅरिसची ती पेनल्टी योग्य होती का?

मी मँचेस्टर युनायटेडवाला, आधीच सांगतो, म्हणजे माझं मत त्या हिशोबाने घ्या. ६ मार्च २०१९, आपल्याकडे पहाटेचे सव्वातीन वाजून गेलेले. पहिली लेग ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे आमच्या मैदानावर, पॅरिस सेंट जर्मेन २-० ने जिंकलेली, आणि घरच्या मैदानावर पहिली लेग २-० हरून पुढे गेलेली टीम युरोपियन कपच्या इतिहासात तोवर नव्हती. लुकाकूने दोन गोल मारून ठेवले होते, अजून एक हवा होता. इंज्युरी टाइममध्ये आमच्या दालोने लांबून मारला, पॅरिसचा किंपेंबे उडी मारून पाठ फिरवत होता, बॉल त्याच्या हाताला लागून वर गेला. आधी कॉर्नरच दिला होता. मग रेफरी स्कोमिना मॉनिटरवर. किती वेळ गेला ते मला आठवत नाही, एवढं आठवतं की माझ्या शेजारच्या काकांनी चहाचा ग्लास ओठाला लावून तसाच धरला होता, पीत पण नव्हते, खाली पण ठेवत नव्हते. पेनल्टी दिली, रॅशफर्डने त्यांच्या गोलकीपर बुफॉनला हरवलं, ३-१, एकूण ३-३, आणि अवे गोलवर आम्ही पुढे.

योग्य होती का? हात शरीरापासून लांब होता, शॉट गोलच्या दिशेने होता, नियमाने देता येते. पण पाठ फिरवलेला माणूस हात कुठे ठेवणार हे मलासुद्धा कळत नाही, आणि हीच पेनल्टी युनायटेडविरुद्ध दिली असती तर मी सकाळपर्यंत भांडलो असतो. हँडबॉलच्या बाबतीत व्हीएआरने फारसं काही सोडवलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफसाइडला रेघ तरी मारता येते, हात नैसर्गिक जागी होता की नाही याला रेघ नाही.

ऑफसाइडची रेघ एवढी बारीक, बगलेवरून मारतात, हे बरोबर आहे का?

बगलेचं कारण साधं आहे. हाताने गोल करता येत नाही म्हणून हात ऑफसाइडमध्ये धरत नाहीत, आणि हात कुठून सुरू होतो तर बगलेच्या खालच्या टोकापासून. डोकं, खांदा, गुडघा, पायाचं बोट, सगळं धरतात.

बारीकपणाचं म्हणाल तर त्यात खरंच अडचण होती. टीव्हीचे साधे कॅमेरे सेकंदाला ५० फ्रेम घेतात. जोरात धावणारा फॉरवर्ड सेकंदाला आठ मीटर जातो असं धरा, म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो सोळा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, एक वीत जवळजवळ. मग पास नेमका कुठल्या फ्रेमला सुटला हे थोडं चुकलं तरी रेघ चुकणार, आणि आम्ही मात्र दोन सेंटीमीटरवर गोल गेला म्हणून छाती पिटतोय. २०२२ च्या कतार वर्ल्डकपला म्हणून नवी पद्धत आली, छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपायचे, आणि बॉलच्या आत सेन्सर, जो सेकंदाला ५०० वेळा सांगतो की बॉलला पाय कधी लागला. पहिल्याच मॅचला तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल त्यावर गेला. पडद्यावर ती प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखी माणसं आणि रेघ दाखवली तेव्हा पोरांना वाटलं हा गेम आहे. पण त्यामुळे वाट बघणं कमी झालं, आणि तेच मोठं काम झालं.

गोललाइन टेक्नॉलॉजी म्हणजे पण व्हीएआरच ना?

नाही, वेगळी. ती खरीच मशीन आहे, काकांना हवी ती. प्रत्येक गोलकडे सात कॅमेरे, पूर्ण बॉल पूर्ण रेघेच्या पलीकडे गेला की एका सेकंदाच्या आत रेफरीच्या घड्याळावर येतं. २०१० च्या वर्ल्डकपला जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा बॉल चांगला रेघेच्या आत पडला आणि गोल दिला नाही, त्यानंतर ही मागणी थांबेना, आणि २०१४ ला ब्राझीलमध्ये ती आली.

बघायचीच असेल तर ६ ऑगस्ट २०२३ ची स्वीडन-अमेरिका मॅच शोधून बघा. महिला वर्ल्डकपची प्री-क्वार्टर, टायब्रेकर, हर्टिगची पेनल्टी अमेरिकेच्या गोलकीपरने अडवली, बॉल वर उडाला, तिने परत हाताने मागे ढकलला, आणि सगळ्यांना वाटलं वाचवला. रेफरीच्या घड्याळाने सांगितलं गोल. फोटोत बॉल आणि रेघ यांच्यात दिसेल न दिसेल एवढी फट. स्वीडन ५-४. आमच्याकडच्या मुलींची टीम ती मॅच बघायला आली होती आणि त्यातली जी गोलकीपर आहे ती बराच वेळ गप्प होती, म्हणाली, "तिने तर वाचवला होता."

हूलियान आल्व्हारेझची ती पेनल्टी?

१२ मार्च २०२५, चॅम्पियन्स लीग, अॅटलेटिको माद्रिद आणि रियाल माद्रिद, एकूण २-२, टायब्रेकर. अॅटलेटिकोचा आल्व्हारेझ मारताना घसरला, बॉल आत गेला, आणि व्हीएआरने सांगितलं की आधी डाव्या पायाला पुसटसा लागून मग उजव्याने मारला, म्हणजे दोन स्पर्श, म्हणजे गोल नाही. रियाल ४-२ ने पुढे. आमच्या हॉलात रियालवाले जास्त, तरी त्यातल्या अर्ध्यांना ते गिळवत नव्हतं. जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर असा चेहरा मी क्वचितच बघितलाय.

नियमाने बरोबर होतं, पण नियम त्या माणसासाठी केलेलाच नव्हता जो घसरला. जून २०२५ मध्ये नियम करणाऱ्या इफाबने स्पष्ट केलं की दोन स्पर्श चुकून झाले आणि बॉल आत गेला तर पेनल्टी पुन्हा मारायची. अॅटलेटिकोला त्याचा काही उपयोग नाही. पण पुढच्या कोणाचा तरी गोल वाचेल.

फातोर्ड्याला व्हीएआर कधी येणार?

मडगावच्या आपल्या फातोर्डा स्टेडियमने व्हीएआर बघितलाय, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा अंडर-१७ वर्ल्डकप भारतात झाला, त्याला व्हीएआर होता आणि दोन्ही सेमीफायनल आपल्या फातोर्ड्याला झाल्या. कोलंबियाने नायजेरियाला टायब्रेकरवर ६-५ ने हरवलं ते आपल्या डोळ्यांसमोर. म्हणजे स्टेडियमला काही अडत नाही. अडतं ते रोजच्या लीगमध्ये, कारण त्याला प्रत्येक मैदानावर पुरेसे कॅमेरे लागतात, शिकवून तयार केलेले व्हिडिओ रेफरी लागतात, फिफाची मंजुरी लागते, आणि हे सगळं एका मॅचला नाही, संपूर्ण सीझनला.

पण हवाच का, तर ३ मार्च २०२३ आठवा, बेंगळुरू आणि केरळा ब्लास्टर्स, इंडियन सुपर लीगची नॉकआउट, एक्स्ट्रा टाइम, ९६ वं मिनिट, केरळाच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आधीच बेंगळुरूच्या छेत्रीने फ्री किक मारून टाकली, गोल दिला आणि केरळाची टीम मैदान सोडून निघून गेली. पुढे चार कोटींचा दंड झाला त्यांना. व्हीएआर असता तर निर्णय बदलला असता असं मी म्हणत नाही, फ्री किक लगेच मारायला परवानगी होती की नाही हा रेफरीच्या मताचा प्रश्न आहे. पण दोन मिनिटं थांबून कोणीतरी बघतंय एवढं जरी खेळाडूंना दिसलं असतं तरी ते निघून गेले नसते असं मला राहून राहून वाटतं.

आणि आमची स्वतःची जखम. ६ एप्रिल २०२५, त्याच लीगच्या सेमीफायनलची दुसरी लेग, आपली एफसी गोवा आणि बेंगळुरू, फातोर्डा. पहिल्या लेगला आपण २-० हरलेलो. बोर्हाने एक मारला, ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा, एकूण २-२, स्टँडात माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, माझा चष्मा कुठे गेला मला पत्ता नाही. आणि इंज्युरी टाइमच्या दुसऱ्या मिनिटाला छेत्रीचं हेडर. चष्मा नव्हता तरी मी आधी बॉलकडे नाही, लायन्समनच्या झेंड्याकडे बघितलं. झेंडा खाली. परत बघितलं. खालीच. मग मला हवा होता तो व्हीएआर, कोणीतरी कानाला बोट लावावं, काहीतरी सापडावं. नव्हता. आणि खरं सांगायचं तर असता तरी काही सापडलं नसतं, गोल स्वच्छ होता. त्याच वर्षी डिसेंबरात सुपर कपची फायनल आपण त्याच फातोर्ड्याला ईस्ट बेंगालविरुद्ध टायब्रेकरवर जिंकलो, तीही ६-५.

गावच्या टुर्नामेंटला मोबाईलचा व्हिडिओ का चालत नाही?

कारण ज्या स्पर्धेला परवानगी आणि यंत्रणा दोन्ही नाही तिथे रेफरीने व्हिडिओ बघून निर्णय द्यायचा नसतो. हे मला उशिरा कळलं. भात कापलेल्या शेतात सेमीफायनल होती, धाकट्या भावाचा शॉट वरच्या बारला लागून खाली रेघेच्या आत पडला आणि बाहेर आला, रेफरी मधल्या रेघेजवळ होता, त्याला दिसणं शक्यच नव्हतं. गोल नाही. टायब्रेकरला हरलो. एकाने मोबाईलवर घेतलं होतं, ते घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो, तर त्याने बघायला नकार दिला आणि मी त्याला नको ते बोललो. आज वाटतं की दोन्ही टीमचे शंभर मोबाईल पुढे आले असते तर त्या माणसाने कोणाकोणाचं बघायचं? भाऊ मात्र अजून त्या शेताच्या बाजूने गाडी नेताना तिकडे बघतो.

लहान स्पर्धांसाठी फिफाने आता वेगळा मार्ग काढलाय. २०२४ ला कोलंबियात मुलींच्या अंडर-२० वर्ल्डकपला त्याची ट्रायल झाली. वेगळा व्हिडिओ रेफरी नाहीच, कॅमेरे चार-दोन असले तरी चालतात, प्रत्येक कोचला दोन वेळा मागणी करता येते, रेफरी स्वतः जाऊन बघतो, मागणी बरोबर ठरली तर ती परत मिळते. क्रिकेटच्या डीआरएससारखंच जवळजवळ. गोव्याच्या लीगला हे आलं पाहिजे, यासाठी मी कुठेही सही करायला तयार आहे.

व्हीएआरमुळे गोलचा आनंद गेला असं तुम्हाला वाटत नाही का?

हे मला मोठ्या माणसांपेक्षा पोरं जास्त विचारतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हल्ली काही पोरं गोल झाल्यावर उठतच नाहीत, पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसतात. तसं करू नका. ओरडा. लगेच ओरडा, उठा, शेजाऱ्याला मिठी मारा. त्या रात्री जी पोरं रस्त्यावर धावली त्यांचं मी कधी चुकलं म्हणालो नाही. त्यातला एक आता दुबईला असतो, त्याला परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, आयुष्यात मी एवढ्या जोरात कधी पळालो नाही. गोल गेला, पण त्याचं ते पळणं काही गेलं नाही. आणि टॉटनहॅमच्या दादाचं रडणं? ते तर व्हीएआरनेच दिलं. आधी नॉकआउटला एका गोलावर एकदाच हॉल उठायचा, आता कधी कधी दोनदा उठतो, आणि दुसऱ्यांदा उठणारी माणसं वेगळी असतात.

मग फळ्यावर स्कोअर कधी लिहायचा?

सेंटर झाल्यावर. मधल्या रेघेवरून खेळ परत सुरू झाला की तो गोल मागे घेता येत नाही, तोपर्यंत खडू हातात धरून थांबायचं. आता हे काम ज्याच्याकडे आहे तो नववीत आहे, गोल झाला की तो बाकीच्यांसोबत उड्या मारतो आणि खडूची मूठ मात्र वर धरतो, मोडू नये म्हणून.